पामेरियन, पॉमेरेनियन आणि इंडियन स्पिट्झ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे लहानपणी ‘पामेरियन’ होता. तो खरा पॉमेरेनियन होता का?

बहुतेक नसावा. १९८० आणि १९९० च्या दशकांत मुंबईच्या चाळींपासून कोल्हापूरच्या बंगल्यांपर्यंत जो पांढराशुभ्र, टोकदार तोंडाचा, झुबकेदार शेपूट पाठीवर टाकून उंबऱ्यापाशी ठाण मांडणारा कुत्रा ‘पामेरियन’ म्हणून ओळखला जात होता, तो जवळजवळ सगळीकडे इंडियन स्पिट्झ होता. परदेशी जातीचे पिल्लू बाहेरून आणणे त्या काळी सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात नव्हते. स्पिट्झची पैदास मात्र इथेच होत असल्यामुळे तो सहज मिळे, थोडक्यात भागवून घेई आणि दोन खोल्यांच्या घरातही मावे. १९९४ सालच्या ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटातील टफीमुळे त्याचा चेहरा घराघरांत पोहोचला. टफीसुद्धा स्पिट्झच होता.

‘पामेरियन’ हा शब्द मूळ नावाचाच अपभ्रंश आहे, पण मराठी घरांत तो दुसऱ्याच कुत्र्याला चिकटला. गोंधळ टाळण्यासाठी पुढील उत्तरांत ‘स्पिट्झ’ म्हणजे इंडियन स्पिट्झ आणि ‘पॉमेरेनियन’ म्हणजे ती अगदी लहान जात, असे समजावे.

दोघांतील फरक नेमका कसा ओळखावा?

सर्वांत सोपी खूण वजनाची आहे. पूर्ण वाढलेला पॉमेरेनियन साधारण दीड ते साडेतीन किलोचा असतो, तर लहान आकाराचा स्पिट्झ पाच ते सात किलोचा भरतो आणि मोठ्या आकाराचा त्याहून कितीतरी जड असतो. काही मोठे स्पिट्झ पंधरा किलोच्याही पुढे जातात. दुसरी खूण तोंडाची. स्पिट्झचे तोंड कोल्ह्यासारखे लांबट असते, कान मोठे आणि ताठ असतात, पायही शरीराच्या मानाने उंच दिसतात. पॉमेरेनियनचे तोंड आखूड, कान इवलेसे आणि केस इतके दाट असतात की समोरून पाहिल्यास मान कुठे संपते आणि धड कुठे सुरू होते हे कळत नाही. रंगावरून मात्र निर्णय करू नये. आपल्याकडे पांढरा स्पिट्झ अधिक दिसत असला तरी तपकिरी, काळे आणि मिश्र रंगाचे स्पिट्झही असतात. उलट बाजूने पाहिले तर जगात पॉमेरेनियनचा सर्वांत परिचित रंग नारिंगी आहे.

ही जात मुळात कुठली?

दोघांचेही मूळ युरोपातल्या जर्मन स्पिट्झ या कुळात आहे. जर्मन भाषेत ‘स्पिट्झ’ म्हणजे टोकदार; तोंड आणि कान यांवरून हे नाव पडले. हे कुत्रे शेतवाडीवर, गाड्यांवर आणि द्राक्षमळ्यांत राखण करत असत, आणि त्यांचे आजचे बरेचसे वागणे याच जुन्या नोकरीतून आले आहे. पॉमेरानिया हा बाल्टिक समुद्राकाठचा प्रदेश असून तो आज पोलंड आणि जर्मनी यांच्यात विभागलेला आहे. तिथले कुत्रे अठराव्या शतकात राणी शार्लटसोबत इंग्लंडच्या राजघराण्यात आले, पण ते आकाराने बरेच मोठे होते. त्यांना लहान करण्याची हौस पुढे व्हिक्टोरिया राणीमुळे वाढली. १८८८ साली इटलीतील फ्लॉरेन्स येथे मुक्कामी असताना तिने मार्को नावाचा पॉमेरेनियन घेतला. त्याचे वजन सुमारे साडेपाच किलो होते, म्हणजे आजच्या मापाने तो लहान स्पिट्झच ठरला असता. १९०१ मध्ये राणीचे निधन झाले तेव्हा तिचा टुरी नावाचा पॉमेरेनियन तिच्या पलंगावर होता.

इंग्लंडमध्ये हा कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या लहान होत गेला, तर इंग्रजांनी भारतात आणलेल्या स्पिट्झची वाट वेगळी झाली. इथल्या उकाड्यात आणि इथल्या खाण्यावर जे टिकले, त्यांचीच पुढे पिल्ले झाली.

मग स्पिट्झ म्हणजे भेसळीचा पॉमेरेनियन असे म्हणता येईल का?

नाही, आणि हा समज दूर व्हावा असे मनापासून वाटते. परिचयातल्या लोकांना ‘आमचा पामेरियन जरा मोठाच झाला’ असे ओशाळून सांगताना मी अनेकदा ऐकले आहे. कुत्र्यात काहीच उणे नसते. त्याला चुकीचे नाव दिलेले असते. इंडियन स्पिट्झची भारतातील केनेल क्लबांकडे स्वतंत्र जात म्हणून नोंद होते. जर्मन स्पिट्झ आणि पॉमेरेनियन हे त्याचे चुलत भाऊ म्हणता येतील. उन्हाळा सोसण्याची ताकद, साधे खाणे पचवण्याची सवय आणि मोजके आजार यांचा विचार केला, तर महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांसाठी या भावंडांपैकी स्पिट्झच अधिक योग्य आहे, असे माझे मत आहे.

पिल्लू घेताना कोणती काळजी घ्यावी?

दीड महिन्याचे स्पिट्झचे पिल्लू आणि त्याच वयाचे पॉमेरेनियनचे पिल्लू ही दोन्ही कापसाच्या बोळ्यासारखी दिसतात, आणि फसवणूक नेमकी इथेच होते. पिल्लू बघून खात्री पटत नाही. आई बघावी लागते. तिच्यासमोर पिल्ले दूध पिताना पाहावीत, तिचा आकार, तोंडाची लांबी आणि तब्येत पाहावी. ‘आई गावाला आहे’, ‘फोटो पाठवतो’ असे उत्तर मिळाल्यास तिथूनच परत फिरावे. ‘टीकप’ नावाचा पॉमेरेनियनचा कोणताही मान्य प्रकार नाही. त्या नावाने विकली जाणारी पिल्ले अनेकदा कुपोषित किंवा वयाने फारच लहान असतात, आणि एवढ्या लहान जिवाची साखर चार-सहा तासांच्या उपासानेही धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

कुत्र्यांच्या पैदाशीविषयी केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. त्यांनुसार पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे आणि आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करू नये. ‘केसीआय’चे, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लब ऑफ इंडियाचे, प्रमाणपत्र हवे असल्यास ते पैसे देण्यापूर्वी हातात घ्यावे, कारण नंतर येणारी कागदपत्रे सहसा येत नाहीत. शहरांतील प्राणी निवाऱ्यांत सोडून दिलेले मोठे स्पिट्झही पुष्कळ असतात. पिल्लाच्या शी-शूचा व्याप ज्यांना झेपणार नाही, त्यांनी तिथे आधी जाऊन यावे.

त्याचा स्वभाव कसा असतो? लहान मुलांच्या घरात चालेल का?

स्पिट्झ घरातल्या एका माणसाला आपला मानतो आणि बाकीच्यांना चालवून घेतो. तो माणूस बहुधा दुपारी घरी असणारी आजी असते. ती स्वयंपाकघरात गेली की हा दारात, ती देवापुढे बसली की हा दोन हात अंतरावर, ती झोपली की पलंगाखाली. अनोळखी माणसाने एकदम डोक्यावर हात ठेवलेला त्याला खपत नाही. त्याच माणसाने जमिनीवर बसून पाच मिनिटे दुर्लक्ष केले, तर तो स्वतःहून हुंगायला येतो. सात-आठ वर्षांपुढील मुलांशी त्याचे चांगले जमते. रांगणाऱ्या बाळाजवळ मात्र त्याला एकटे सोडू नये. त्यात बाळाला जेवढा धोका आहे तेवढाच कुत्र्यालाही आहे, विशेषतः पॉमेरेनियनला, कारण त्याच्या पुढच्या पायाचे हाड पेन्सिलीएवढे असते आणि सोफ्यावरून पडूनही ते मोडते.

तो फार भुंकतो. काही उपाय आहे का?

ज्याच्या पूर्वजांना राखणीसाठी पाळले, तो बेल वाजल्यावर गप्प बसणार नाही. भुंकणे पूर्ण बंद करण्याचा हट्ट सोडावा आणि ते आटोपशीर करण्याचा प्रयत्न करावा. बेल वाजल्यावर घरातली माणसे जेव्हा मोठमोठ्याने ‘गप्प बस’ म्हणून ओरडतात, तेव्हा आपल्या जोडीने सगळेच भुंकत आहेत असा त्याचा समज होत असावा, कारण त्याचा आवाज आणखी चढतो. त्याऐवजी दोन-तीन वेळा भुंकू द्यावे, शांतपणे ‘बस’ हा एकच शब्द उच्चारावा आणि तो थांबलेल्या क्षणी उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा शेंगदाण्याएवढा तुकडा द्यावा. घरातल्या एखाद्याला मुद्दाम बाहेर पाठवून दिवसातून दहा वेळा बेल वाजवायला लावावी. तीन आठवड्यांत फरक दिसतो. अट एवढीच की शब्द सर्वांनी एकच वापरला पाहिजे.

दिवसभर भुंकणाऱ्या कुत्र्याचे कारण वेगळे असते. त्याला फिरायला मिळत नाही, किंवा तो नऊ-दहा तास एकटा असतो. सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास चालणे ही त्याची किमान गरज आहे, आणि गच्चीवर मोकळा सोडणे म्हणजे फिरवणे नव्हे.

एवढे केस असताना त्याला आपला उन्हाळा सोसतो का? केस कापून टाकावेत का?

त्याचे केस दोन थरांचे असतात. आतला मऊ लोकरीसारखा थर आणि बाहेरचा लांब, राठ थर. हवा खेळती राहिली तर हे आवरण उन्हापासूनही काही प्रमाणात बचाव करते. त्यामुळे उन्हाळा आला म्हणून वस्तरा फिरवणे हा उपाय चुकीचा आहे. या कुळातील कुत्र्यांचे केस मुळापर्यंत कापल्यावर ते पुन्हा नीट न येण्याची शक्यता असते. आमच्या कुत्रीचे केस एका दुकानात आम्हाला न विचारता कातडीपर्यंत भादरले गेले. पाठीवरचा पट्टा पुढे सव्वा वर्ष उघडाच राहिला आणि नंतर जे केस आले ते पूर्वीच्या पोताचे नव्हते. पंजाखालचे, गुदद्वाराभोवतीचे आणि पोटाकडचे केस कात्रीने आखूड करायला हरकत नाही.

खरे काम विंचरण्याचे आहे. आठवड्यातून तीनदा स्लिकर ब्रश (बारीक वाकड्या तारांचा ब्रश) आणि त्यानंतर लोखंडी कंगवा, केस थोडे थोडे बाजूला सारून कातडीपर्यंत फिरवावा. कानामागे, काखेत आणि मांडीच्या झालरीत जटा आधी होतात. वर्षातून साधारण दोनदा आतला थर गळतो आणि तेव्हा घरभर कापूस पिंजल्यासारखे दिसते; तो आजार नाही. अंघोळ तीन-चार आठवड्यांनी पुरे आहे, ती कुत्र्यांच्या शॅम्पूने घालावी, आणि पावसाळ्यात केस मुळापर्यंत कोरडे करावेत. वरून सुकलेल्या पण आत ओलसर राहिलेल्या केसांखाली दोन दिवसांत कातडी लाल होऊन चिघळते.

विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात सकाळी सातनंतर आणि संध्याकाळी सूर्य कलण्यापूर्वी त्याला डांबरी रस्त्यावर नेऊ नये. रस्त्यावर आपला हात पालथा ठेवून पाहावा. पाच-सात सेकंद ठेववला नाही, तर त्याचे पंजेही भाजणार आहेत. जोरजोरात धाप, चिकट लाळ, लडखडणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी नळाचे साधे पाणी अंगावर घालून पंखा लावावा आणि लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

डोळ्यांखाली तांबूस डाग पडतात ते कशामुळे?

अश्रूंमध्ये आणि लाळेत पोर्फिरिन नावाचे द्रव्य असते आणि ते हवा-उजेडात तांबूस होते. पांढऱ्या केसांवर ते दिसते एवढेच. सतत चाटलेल्या पंजावरही हाच रंग चढतो. कोमट पाण्याच्या बोळ्याने रोज पुसावे. डाग अचानक वाढले किंवा एकाच डोळ्याला पाणी येऊ लागले, तर डोळा तपासून घ्यावा.

दूध-पोळीवर पिढ्या वाढल्या. आता वेगळे काही द्यायला हवे का?

वाढल्या हे खरे, पण त्यांतले बरेच कुत्रे आठव्या-नवव्या वर्षी लठ्ठ, दातांनी अधू आणि खाजेने हैराण असत, हेही आठवून पाहावे. दूध तुटल्यावर बहुतेक कुत्र्यांची दुधातली साखर पचवण्याची क्षमता घटते, त्यामुळे वाटीभर दुधाने पोट बिघडते. थोडे दही किंवा ताक सहसा चालते. पोळीत पिष्ट भरपूर आणि प्रथिने बेताची असतात. सहा किलोच्या, पूर्ण वाढलेल्या लहान आकाराच्या स्पिट्झला दिवसाला साधारण ३५० ते ४०० कॅलरी पुरतात, आणि तूप लावलेली एक पोळी शंभराच्या पुढे जाते. घरातल्या चौघांनी ‘एवढीशी’ म्हणून अर्धी-अर्धी पोळी दिली, की त्याचे निम्म्याहून अधिक जेवण तिथेच झाले.

घरचे खाणे द्यायचे असल्यास मीठ-मसाल्याविना उकडलेले चिकन किंवा अंडे, थोडा भात आणि लाल भोपळ्यासारखी भाजी हा चांगला पाया आहे; त्यात कॅल्शियम आणि इतर पूरक घटक किती घालावेत हे पशुवैद्यांना विचारावे. शाकाहारी घरात पनीर आणि डाळींवर कुत्रा राहू शकतो, पण तो आहार अंदाजाने ठरवू नये. शिजवलेली हाडे फुटून आतड्याला टोचतात, म्हणून ती नकोत. कांदा आणि लसूण यांनी कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात, त्यामुळे आमटी किंवा रस्सा भातावर ओतून देण्याची सवय मोडावी. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. चॉकलेटही विषारी आहे.

कोणत्या आजारांकडे विशेष लक्ष द्यावे?

चालता चालता मागचा एक पाय उचलून दोन-चार पावले लंगडी घालतो आणि पुन्हा नीट चालू लागतो, असे दिसले तर गुडघ्याची वाटी सरकत असण्याची शक्यता आहे. हे दोन्ही जातींत आढळते, पॉमेरेनियनमध्ये अधिक. बदकाच्या आवाजासारखा कोरडा खोकला श्वासनलिका मऊ पडून दबत असल्याची खूण असू शकते. अशा कुत्र्याला गळ्यात पट्टा न बांधता छातीभोवतीचा हार्नेस वापरावा, आणि खरे तर एवढ्या लहान कुत्र्याला पहिल्यापासूनच हार्नेस असावा. नाकातून एकदम घुर्र घुर्र करत श्वास आत ओढणे ही उलटी शिंक असते. ती बघून घाबरायला होते, पण अर्ध्या-एका मिनिटात थांबते. दातांवर कीटण लवकर चढते. लहानपणापासून ब्रशची सवय लावली नाही तर दहाव्या वर्षापर्यंत निम्मे दात गेलेले असतात.

गोचिडांचा विषय आपल्याकडे सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण दाट केसांत त्या दिसत नाहीत, हाताला लागतात. पावसाळ्यात फिरून आल्यावर कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि मानेखाली बोटे फिरवून पाहावीत. सापडलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी. तिच्यावर रॉकेल ओतू नये आणि ती बोटांनी चिरडू नये. ताप, खाणे सोडणे, हिरड्या फिकट पडणे किंवा नाकातून रक्त येणे ही गोचीडतापाची लक्षणे असून रक्ततपासणीला एक दिवसही उशीर करू नये.

लसींमध्ये पार्व्हो आणि डिस्टेंपर या विषाणूजन्य आजारांवरील लसीची पहिली मात्रा सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास आणि रेबीजची तिसऱ्या महिन्यात दिली जाते. पुढच्या तारखा डॉक्टरांनी दिलेल्या कार्डाप्रमाणे पाळाव्यात. घरच्या कुत्र्याचा दात लागला तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि डॉक्टरांना दाखवावे.

कुत्रीची नसबंदी करावी का? ‘एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत’ असे सगळे सांगतात.

एकदा पिल्ले झाल्याने कुत्रीच्या तब्येतीला काही विशेष लाभ होतो, याला आधार नाही. नसबंदी न केलेली कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते आणि वय वाढते तसा गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढत जातो. माज संपून महिना-दोन महिने झाल्यावर कुत्री खूप पाणी पिऊ लागली, मलूल झाली किंवा मागून स्राव दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ‘उद्या बघू’ म्हणून गमावलेल्या कुत्र्या मी पाहिल्या आहेत. शस्त्रक्रियेचे योग्य वय वजनानुसार आणि तब्येतीनुसार डॉक्टर ठरवतात.

सोसायटीने कुत्रा पाळण्यास मनाई केली तर?

भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमताचा ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, आणि लिफ्ट वापरण्यास मनाई करता येत नाही. महानगरपालिकेचा परवाना आणि लसीकरणाचे कार्ड तयार ठेवावे. मात्र शी उचलणे हे मालकाचेच काम आहे, आणि जिन्यात भुंकणाऱ्या कुत्र्यामुळे झोपमोड झालेल्या शेजाऱ्याची तक्रार रास्त असू शकते. नियमाचा कागद पुढे करण्याआधी त्या शेजाऱ्याच्या दारी जाऊन बोलावे. तेवढ्यावर बहुतेक वाद मिटतात.

गणपतीला गावी जाताना त्याला रेल्वेने नेता येते का?

नेता येते. वातानुकूलित प्रथम श्रेणीचा संपूर्ण कूपे किंवा केबिन आपल्याच नावे आरक्षित असेल तर कुत्र्याला सोबत ठेवता येते. स्लीपरच्या किंवा इतर वातानुकूलित डब्यांत परवानगी नाही. दुसरा मार्ग गार्डच्या डब्यातील कुत्र्यांसाठीच्या पेटीचा आहे, पण घरात वाढलेल्या स्पिट्झला त्या अंधाऱ्या पेटीत रात्रभर ठेवणे मला पटत नाही. त्यापेक्षा मोटारीने, दर दोन तासांनी थांबत न्यावे. रेल्वेने जायचे असेल तर गाडीच्या वेळेच्या पुरेसे आधी पार्सल कार्यालयात नोंद करावी आणि लसीकरणाचे कार्ड व डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला जवळ ठेवावा. निघण्यापूर्वी तीन-चार तास खायला देऊ नये, म्हणजे घाटात उलटी होत नाही. पॉमेरेनियनच्या लहान पिल्लाला मात्र एवढा उपास सोसत नाही. त्याला वाटेत थोडे थोडे भरवत न्यावे, आणि चार महिन्यांच्या आतले असेल तर घरीच कोणाकडे तरी ठेवावे.